खरिपाच्या तयारीत होडीचाही हिशेब धरा



रोहिणी जवळ आल्या की आमच्या कृषी खात्याच्या माणसाला एकच धोशा असतो. बियाणं आलं का, खत पोहोचलं का, राब भाजून झाला का, बीजप्रक्रिया कोण करणार आणि कोण तशीच इंद्रायणी फेकणार. या पानावर मीही एरवी त्याच गोष्टी लिहितो. आज मात्र भाताचं बाजूला ठेवून पाण्यातल्या होडीबद्दल लिहायचं आहे. तुम्ही म्हणाल, हा विषय शेतीचा नाही. मुळशीत तो शेतीचाच आहे, हे मला स्वतःच्या चुकीतून कळलं. म्हणून आधी ती चूक सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनचा पहिला आठवडा होता. जलाशयाच्या पलीकडच्या एका वाडीवर खत पोहोचवायचं होतं. रस्त्याने वळसा घालून टेम्पो न्यायचा तर भाडं दुप्पट पडत होतं. पाण्यातून गेलं तर अर्धा-पाऊण तास. होडी दहा माणसांची, असं सगळेच म्हणायचे. आम्ही माणसं सात होतो आणि युरियाच्या गोण्या बारा. नावाडी काका म्हणाले, "साहेब, दोन खेपा करू." मला पाच वाजता पौडला बैठकीला पोहोचायचं होतं. मी म्हणालो, "अहो काका, दहाच्या होडीत सातच तर माणसं आहेत. एका खेपेत होतंय की!" साहेब म्हणतोय म्हटल्यावर काका गप्प बसले. गोण्या चढल्या.

मध्यावर पोहोचलो आणि ताम्हिणीच्या बाजूने आभाळ काळं झालं. पाच-सात मिनिटांत असा वारा सुटला की होडीचं तोंड फिरेना. काठ पाण्यापासून जेमतेम चार बोटं वर होता. पहिली लाट आत आली, मग दुसरी. पाणी घोट्यापर्यंत चढलं. मी घाबरून उभा राहायला गेलो तसे काका ओरडले, "साहेब, उठू नका! गोण्या सोडा पाण्यात!" बसल्या जागेवरून आम्ही पाच गोण्या ढकलल्या, तेव्हा होडी सावरली. मी माण तालुक्याच्या दुष्काळी भागातला माणूस. मला पोहता येत नाही. होडीत एकही लाईफ जॅकेट नव्हतं. काकांचा बारा वर्षांचा नातू पुढच्या टोकाला बसून डब्याने पाणी उपसत होता, त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

पाचातल्या तीन गोण्या एका विधवा बाईंच्या होत्या. त्यांचे पैसे मी भरले. पण पैसे भरून हिशेब मिटत नाही. त्या दिवशी होडी उलटली असती तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'नावाड्याचा निष्काळजीपणा' असंच छापून आलं असतं. निष्काळजीपणा माझा होता.

गोण्यांचं वजन कोण धरतं?

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तुम्हीही बसा. सरासरी माणूस ६५ किलोचा धरला तर दहा माणसांची होडी म्हणजे ६५० किलोची होडी. आम्ही सात जण, म्हणजे ४५५ किलो. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती, आता ४५ किलोची येते. बारा गोण्यांचे झाले ५४०. एकूण ९९५ किलो. म्हणजे होडीत ३४५ किलो जास्त, पाच माणसांपेक्षा अधिकच. 'दहाच्या होडीत सातच' म्हणणारा मी प्रत्यक्षात दहाच्या होडीत पंधरा जण बसवून निघालो होतो.

बैलगाडीत आपण असं करत नाही. जू किती खाली जातंय, बैल कसा पाय टाकतोय, यावरून गाडीवानाला भार कळतो. ट्रॅक्टरची ट्रॉली जास्त भरली तर पुढची चाकं उचलतात, तेही कळतं. होडी मात्र शेवटच्या क्षणापर्यंत काही सांगत नाही. सपाट पाण्यावर ती जास्तीचा भार घेऊन गुपचूप चालते. वारा सुटला की मगच सांगते, आणि तेव्हा सावरायला वेळ नसतो. होडी बहुतेक वेळा उलटते ती भार, वारा आणि माणसांची हालचाल या तीन गोष्टी एकत्र आल्यावर. वारा आपल्या हातात नाही. उरलेल्या दोन पूर्णपणे आपल्या हातात आहेत.

मुळशीचं पाणी वेगळं का?

मुळा नदीवरचं हे धरण टाटा कंपनीने १९२० च्या दशकात वीजनिर्मितीसाठी बांधलं. त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली आपल्याच पूर्वजांनी सत्याग्रह केला, हा इतिहास इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. इथलं पाणी घाट उतरून रायगड जिल्ह्यात भिऱ्याच्या वीजघराला जातं. त्यामुळे पावसाळ्यात भरलेला जलाशय पुढे उतरत जातो आणि मे-जूनमध्ये तळाला येतो. पाणी उतरलं की बुडालेल्या गावांचे अवशेष, जुन्या ताली, झाडांचे बुंधे वर येतात. जे अगदी वर येत नाहीत, हातभर पाण्याखाली राहतात, ते जास्त घातकी. भरल्या पाण्यात ज्या वाटेने होडी बिनधास्त जाते, त्याच वाटेवर मे महिन्यात तळ फाटू शकतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. डोंगरांच्या मधून लांबवर पसरलेलं पाणी म्हणजे वाऱ्याला मोकळं रान. अडवायला झाड नाही, घर नाही. जितकं लांब मोकळं पाणी, तितकी लाट मोठी होते. वळवाच्या ढगाखालचा वारा तर सांगून येत नाही. दुपारी तीन-साडेतीनपर्यंत आरशासारखं असलेलं पाणी चार वाजता खवळलेलं असतं.

आता या दोन गोष्टी आपल्या शेतीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा. बियाणं, खत, अवजारं, ताडपत्र्या यांची सगळ्यात जास्त ने-आण कधी होते? मे अखेर आणि जूनचा पहिला पंधरवडा. पाणी सगळ्यात खाली आणि वळवाचा वारा सगळ्यात वाईट कधी? तेव्हाच. वर्षातला सगळ्यात जड भार आपण वर्षातल्या सगळ्यात वाईट पाण्यावर घालतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. खरिपाच्या बैठकीत आम्ही खताच्या मात्रा सांगतो, खत कशातून येणार हे विचारत नाही.

उजनीपासून वैनगंगेपर्यंत

हे उगीच भीती घालायला लिहीत नाही. आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला काय घडलं ते आठवा. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीत सात जण होते. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागले. बाकीचे सहा जण गेले, त्यात लहान मुलंही होती. रस्त्याचा मोठा वळसा टाळायला लोक तिथे वर्षानुवर्षं असेच ये-जा करत. तारीख पुन्हा वाचा. मे महिना, संध्याकाळची वेळ.

त्याच वर्षी जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या शेतमजूर बाया मिरची तोडायला वैनगंगा ओलांडून निघाल्या होत्या. होडी उलटली आणि सहा जणी बुडाल्या. सहलीला नव्हे, रोजावर निघालेल्या बाया होत्या त्या. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यात वर्धा नदीत होडी उलटून एकाच नात्यागोत्यातले ११ जण गेले.

शहरातली माणसं शहाणी असतात असंही नाही. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेची सहल गेली होती. होडीत क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसं बसवली, बहुतेक मुलांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हतं. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली. त्यात १५ जणांचे प्राण गेले. चूक प्रवासी बोटीची नव्हती, पण तिच्यावरही परवान्यापेक्षा जास्त माणसं होती. त्यानंतर तिथे लाईफ जॅकेट सक्तीचं झालं. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय!

या सगळ्या ठिकाणी रोज होड्या चालत होत्या आणि रोज सुखरूप पोहोचत होत्या. 'रोजचंच पाणी आहे, काय होतंय' हे वाक्य तिथेही रोज म्हटलं जात असणार.

कायदा काय सांगतो

सरपंच आणि गावातल्या अधिकारी मंडळींसाठी हे मुद्दाम लिहितो. ग्रामसेवक, तलाठी यांची पदनावं अलीकडे बदलली, पण लोक येऊन विचारणार ते तुम्हालाच. देशातल्या नद्या, तलाव, जलाशय यांतल्या होड्यांसाठी १९१७ सालचा जुना कायदा होता. त्याच्या जागी २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला आणि २०२२ पासून तो अमलात आहे. होडीला इंजिन बसवलं की ती कायद्याच्या लेखी यांत्रिक नौका होते. तिची तपासणी, नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र या गोष्टी लागतात. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे आहे. वल्ह्याच्या साध्या होड्यांचीही नोंद जिल्हा, तालुका आणि गावपातळीवर स्थानिक स्वराज्य संस्थांकडे असावी, असा या कायद्याचा रोख आहे.

म्हणजे दिल्लीत बसून कायदा करणाऱ्यालाही कळलं की गावच्या काठावरची होडी गावालाच ठाऊक असते. ती कुणाची, किती जुनी, कुठे गळते, नावाडी संध्याकाळी शुद्धीवर असतो का नाही, हे मुंबईच्या कार्यालयाला कळणार नाही. ते पोलीस पाटलाला कळतं. मग नियमाची सुरुवात काठावरूनच का होऊ नये?

यावर उत्तर ठरलेलं असतं. 'धरण कंपनीचं, पाणी त्यांचं, आपण कशात पडायचं?' मुळशीच्या माणसाला हे म्हणायचा हक्क आहे, हे मी मानतो. शंभर वर्षांपूर्वी जमीन गेली, त्याचं दुखणं अजून आहे. पण धरण कुणाचंही असो, पाणी कुणाचंही असो, होडीत बसणारं पोर आपल्या गावचं आहे. पाण्यावरचा हक्क हा एक वाद आहे, होडीतली माणसं मोजणं हा नाही. टेमघर-वरसगावच्या काठच्या गावांनाही हेच लागू.

गावाचे सात नियम

मी होड्यांचा तज्ज्ञ नाही. पण काका आणि आणखी दोन-तीन जुन्या नावाड्यांशी बोलून, झालेल्या अपघातांवरून जे समजलं ते मांडतो. ग्रामसभेने यात भर घालावी, खोडावं, पण कागदावर आणावं.

१. गावातल्या प्रत्येक होडीची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत व्हावी. मालक, नावाडी, लांबी-रुंदी, इंजिन आहे की नाही, शेवटची डागडुजी कधी. होडीवर दोन्ही बाजूंना ठळक क्रमांक रंगवावा. इंजिनाच्या होडीने कायद्याची नोंदणी केली आहे का, तेही त्याच वहीत लिहावं.

२. भाराचा पट्टा. रिकामी होडी शांत पाण्यात उभी करावी, ठरलेली माणसं बसवावीत आणि पाणी जिथे लागेल तिथे बाहेरून पांढरा पट्टा ओढावा. पट्ट्याच्या वर किमान वीतभर काठ कोरडा राहिलाच पाहिजे, नाहीतर माणसं कमी करावीत. मग माणसं असोत, गोण्या असोत की करडं, पट्टा बुडाला की होडी भरली. शाळा न शिकलेल्या माणसालाही हा नियम डोळ्याने दिसतो.

३. माल आणि माणसं एका खेपेत जास्तीत जास्त टाळावीत. माल न्यायचाच तर तळाला, मधोमध, पसरून ठेवावा. गोण्यांवर माणसं बसवू नयेत. भार जितका उंच, तितकी होडी लवकर कलंडते. कीटकनाशकाच्या बाटल्या पेटीत घट्ट बंद करून न्याव्यात. बाटली फुटली की होडीच्या तळातल्या पाण्यात औषध मिसळतं आणि अनवाणी पाय त्यात बुडतात.

४. प्रत्येक माणसाला लाईफ जॅकेट. ते अंगात, पट्टे बांधून. बुडाखाली घेऊन बसायला नव्हे. लहान मुलांना लहान मापाचं, कारण मोठ्या जॅकेटमधून मूल खाली सटकतं. एका साध्या जॅकेटची किंमत साधारण युरियाच्या चार-पाच गोण्यांएवढी होते. होडीत एक लांब दोर आणि ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूबही असावी. ट्यूब जॅकेटची जागा घेत नाही, पण पडलेल्याकडे फेकायला उपयोगी पडते.

५. वारा आणि वेळ. मे-जूनमध्ये खेपा सकाळीच उरकाव्यात. पश्चिमेला ढग दाटले, विजा चमकल्या, पाण्यावर पांढरे फेस दिसू लागले की होडी सुटणार नाही. विजेचा अंदाज देणारं 'दामिनी' हे मोफत ॲप पुण्याच्याच शास्त्रज्ञांच्या संस्थेने तयार केलं आहे. आमच्याकडून मोबाईलवर घालून घ्या. अंधार पडल्यावर होडी नाही. भर पावसाळ्यात, धुक्यात पलीकडचा काठ दिसत नसेल तर नाही.

६. होडीत उभं राहणं, जागा बदलणं, एका बाजूला झुकणं बंद. केरळात थेक्कडीच्या जलाशयात सप्टेंबर २००९ मध्ये पर्यटकांची बोट उलटून ४५ जण गेले. जनावरं पाहायला माणसं एका बाजूला गेली आणि आधीच तोल कमी असलेली बोट कलंडली. आपल्याकडे शनिवार-रविवारी फोटो काढायला हेच होतं. दारू प्यालेला, मग तो नावाडी असो की पाहुणा, होडीत चढणार नाही.

७. शेवटचा शब्द नावाड्याचा. हा नियम माझ्या चुकीतून आलेला आहे. नावाडी 'नाही' म्हणाला की नाही. सरपंच असो, साहेब असो, जास्त पैसे देणारा पुण्याचा पाहुणा असो, कुणीही त्याच्यावर दबाव आणायचा नाही. ग्रामसभेने ठराव केला तर गरीब नावाड्याला 'पंचायतीचा नियम आहे, साहेब' असं म्हणायला आधार मिळतो. त्या दिवशी काकांकडे तो आधार नव्हता.

काठावर पाटी लावून भागेल का? नाही. शेजारच्या मावळात १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडून चौघांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती. पाटी वाचायला माणसं थांबत नाहीत, माणसाने अडवलं तर थांबतात. म्हणून गर्दीच्या दिवशी आणि खताच्या हंगामात काठावर गावाचा एक माणूस उभा हवा. वही त्याच्या हातात. किती माणसं गेली, किती परत आली, एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

पैसा कुठून आणि धंद्याचं काय

'साहेब, नियम चांगले, पण दोन खेपा केल्या तर डिझेल कोण देणार?' हा प्रश्न रास्त आहे. भाड्याचा दर ग्रामसभेनेच ठरवावा. हंगामात दोन खेपांचा खर्च गोणीमागे वाटून घेतला तर कुणाला जड जात नाही. माझ्या त्या पाच बुडालेल्या गोण्यांच्या पैशात काकांनी दुसरी खेप मारून वर चहा पाजला असता. जॅकेटांसाठी ग्रामपंचायतीने स्वनिधीतून थोडी रक्कम बाजूला काढावी. पाहुण्यांना फिरवून कमावणाऱ्या होडीवाल्यांनी ती स्वतः घ्यावीत. जॅकेट दिसलं तर पाहुणाही विश्वासाने बसतो. एका अपघातानंतर मात्र सगळ्यांच्याच होड्या काठाला लागतात, हे ध्यानात ठेवा.

आता एक कडू गोष्ट. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याचा किंवा त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीचा पाण्यात बुडून मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. वय १० ते ७५ असावं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत जावा लागतो. सोबत सातबारा, मृत्यूचा दाखला, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल असे कागद लागतात. ही माहिती प्रत्येक घरात असावी, कारण दुःखाच्या घरात तीस दिवस कसे जातात ते कळत नाही. पण अशा घरी कागद गोळा करायला जाण्याची वेळ आम्हा लोकांवर येते, तेव्हा उंबऱ्याच्या आत पाय टाकवत नाही. दोन लाखांत कुणाचा नांगर चालत नाही.

घडलंच तर

होडी उलटली तर तिला सोडू नका. लाकडाची वा फायबरची होडी बहुधा उलटी तरंगत राहते, तिला धरून हाका मारा. काठ दिसतो त्याहून लांब असतो. पट्टीचे पोहणारेही दमून बुडतात. होडीत बसताना गमबूट काढून ठेवा, प्लास्टिकचं इरलं किंवा कोट बांधून घेऊ नका. पाणी भरलं की हे सगळं खाली ओढतं.

काठावरच्याने उडी मारू नये. दोर, बांबू, साडी, ट्यूब, जे हाताला लागेल ते फेकावं. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. शिकलेल्या, सरावाच्या जवानांची ही गत, तर आपली काय?

बाहेर काढलेल्याला उलटं टांगणं, पोट दाबणं, गरगर फिरवणं हे जुने प्रकार बंद करा. त्यात मोलाची मिनिटं जातात. पाठीवर निजवा. श्वास चालू नसेल तर मान किंचित मागे करून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भराभर तीस वेळा दाबा, पुन्हा दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबू नका. दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. हे शिकवायला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना एक दिवस गावात बोलवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

शेवटी सरपंच मंडळींना विनंती. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी या दिवशी ग्रामसभा होतातच. त्यातली १ मेची ग्रामसभा नेमकी खताच्या हंगामाच्या तोंडावर येते. त्या दिवशीच्या विषयपत्रिकेत 'होडी' हा एक शब्द घाला. पावसाळ्यापूर्वी तहसीलला आपत्तीची बैठक होते, तिथे आपल्या होड्यांची यादी घेऊन जा. आणि आम्ही कृषी खात्याची माणसं खत पोहोचवण्याची घाई करू लागलो, तर आम्हालाही काठावर थांबवा.

काकांनी आता होडीला पांढरा पट्टा ओढला आहे. नातू मोठा झाला, वल्हं तोच धरतो. मागच्या खरिपात मी बियाण्याच्या पिशव्या घेऊन धक्क्यावर गेलो, तर त्याने पट्ट्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही दुसऱ्या खेपेला या." बैठकीला उशीर होणार होता. मी दगडावर बसून राहिलो.